लाल टिपक्याची कॅसेट

संपादकांचा फोन आला. म्हणाले, जुन्या जपानी व्हिडिओ गेमच्या दुरुस्तीचे तुमचे गमतीशीर अनुभव लिहा, दिवाळीचा अंक आहे, जरा हलकंफुलकं येऊ द्या. मी म्हटलं, अनुभव आहेत, गमतीशीर असतीलच असं नाही. मग म्हणाले, निदान रम्य आठवणी तरी लिहा. बुधवार पेठेतल्या ज्या गाळ्यात दोन गिऱ्हाइकं उभी राहिली की तिसऱ्याने रस्त्यावरून बोलायचं, तिथे रम्य काय असणार? मला तिथलं जे आठवतं त्यात राग जास्त आहे, तेव्हा तोच लिहिते. फटाक्यांच्या दिवसांत तेवढं चालावं.

दगडूशेठच्या मागच्या गल्लीत माझं दुकान होतं, गेल्या वर्षी बंद केलं. बाहेर दोन पाट्या होत्या. एक 'व्हिडिओ गेम दुरुस्त करून मिळतील' अशी साधी, आणि तिच्याखाली मी स्वतः रंगवलेली दुसरी, 'फुंकर मारलेली कॅसेट आणू नये'. लोक दुसरी पाटी वाचून हसायचे, तिचा फोटो काढायचे, आत यायचे आणि माझ्या डोळ्यांदेखत कॅसेटमध्ये फुंकर मारायचे.

ज्यांनी हे प्रकरण कधी हाताळलं नाही त्यांच्यासाठी सांगते. गेमची कॅसेट म्हणजे तळहाताएवढी प्लास्टिकची डबी. आत एक हिरवी पट्टी, तिच्यावर चिपा, आणि पट्टीच्या कडेला ओळीने सोनेरी दात. दात मशीनच्या खाचेत नीट टेकले की टीव्हीवर गेम दिसतो; त्यांच्यावर काजळी धरली की नुसता करडा पडदा. यावर घराघरांतल्या पोरांनी एकच उपाय काढला होता. कॅसेट उपसायची, फूऽऽ करायचं, परत खोचायची. चालायची. पण चालायची ती उपसून खोचल्यामुळे, दात घासले जायचे म्हणून. फुंकरीने काय व्हायचं, तर तोंडातली वाफ आत जायची आणि दातांना हिरवा गंज चढायचा. स्पिरिट आणि कान कोरायची कापसाची काडी एवढ्यावर जे भागतं, त्यासाठी माणसं वर्षानुवर्षं थुंकी खर्च करत आली. सांगून बघितलं तर, 'पण काकू, फुंकलं की चालते हो.' यापुढे कोण काय बोलणार!

दुसरा प्रश्न ठरलेला असायचा, मिस्त्री कुठे गेलेत? मी कापड गुंडाळलेल्या हातात सोल्डरिंग गन धरून, कपाळावर भिंग चढवून समोर बसलेली असायचे, तरी मिस्त्री कुठे गेलेत. सुरुवातीला सांगायचे, मीच. नंतर सांगायला लागले, जेवायला गेलेत, तोपर्यंत मी करून देते. दुरुस्त झालेलं मशीन घेऊन जाताना काही जण मिस्त्रींना नमस्कार सांगा म्हणायचे. सांगितला म्हणायचे.

आणि ती विजेची भानगड. जपानातली वीज शंभर व्होल्टची, आपली तिच्या दुपटीहून जास्त. पुण्यात जपानी शिकलेली माणसं मुबलक, कंपनीतर्फे तिकडे राहून येणारीही मुबलक. येताना तिथल्या जुन्या बाजारातून मशीन घेऊन यायचं, घरी पोचल्याबरोबर पायांतले बूटही न काढता ते थेट भिंतीतल्या बोर्डात लावायचं, आणि दुसऱ्या दिवशी जळक्या वासाचा अडॅप्टर पिशवीत घालून माझ्याकडे यायचं. मध्ये एक लोखंडी ठोकळा लावावा लागतो, वीज उतरवणारा, एवढं ज्यांना सुचत नाही ती माणसं दिवसभर कंपनीत काय करत असतील देव जाणे. एक गृहस्थ मला म्हणाले, 'अहो, जपानी वस्तू, ती अशी कशी जळेल?' मी म्हटलं, 'जपानी होती म्हणूनच जळली. इथली असती तर तिला सवय असती.'

हे सगळं मी सहन केलं, कारण ही माणसं निदान खेळायची तरी. मी स्वतःही खेळते. साठी उलटली तरी खेळते, आणि घरात जपानी कॅसेटींचं एक कपाट आहे, त्यातली प्रत्येक चालते. खरा संताप मला आला तो पुढे आलेल्या जमातीचा. हे लोक स्वतःला संग्राहक म्हणवतात. जुनं मशीन उन्हाने पिवळं पडतं, ते यांना पांढरं करून हवं असतं. पार्लरमधलं केस पिंगट करायचं मलम फासून गच्चीवर उन्हात ठेवलं तर होतंही, पण प्लास्टिक पापडासारखं कडक होतं आणि पुढे हातात तुटतं. मी एकदाच केलं आणि बंद केलं. वस्तूचं वय दिसू नये आणि तरी ती जुनी म्हणून मिरवता यावी, हा हट्ट माझ्या डोक्यात जायचा. पांढरी झाली की काचेसारख्या अॅक्रिलिकच्या पेटीत सीलबंद. पेटीवर नंबर. मग मोबाइलवरच्या ग्रुपवर फोटो. ती परत चालवायची नाही, कोणी चालवलेली खपायची नाही.

आता वैद्यबाईंचं सांगते. हे सगळं लिहायला बसले ते त्यांच्यासाठीच.

शोभा वैद्य कर्वेनगरला राहतात. एका कारखान्यात दुभाषी होत्या. जपानी साहेब आणि आपले कामगार यांच्या मध्ये उभं राहून त्यांनी आयुष्य काढलं. तरुणपणी ओसाकाला राहिल्या होत्या, तिथून त्यांनी एक करड्या रंगाचं मशीन आणि एक कॅसेट आणली होती. नुसत्या मारधाडीचा गेम नव्हे. यात एक वाटसरू असतो, तो गावोगाव हिंडतो आणि भेटेल त्याच्याशी बोलतो, शेतकऱ्याशी, हॉटेलवालीशी, देवळातल्या पुजाऱ्याशी. सगळं बोलणं पडद्यावर जपानीत उमटतं. गावांच्या मधल्या रानात राक्षस असतात, त्यांना मारत गेलं की वाटसरू हळूहळू बळकट होतो. असा गेम वर्षभर पुरतो. बाईंना तो जन्मभर पुरला. पुण्यात जपानी येणारे पुष्कळ, पण तो गेम वाचत खेळणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. निवृत्तीनंतर जपानी बोलायला कोणी उरलं नाही, तेव्हा त्या रोज दुपारी त्या गावांत जाऊन चार लोकांशी बोलून यायच्या.

अशा गेममध्ये आपण कुठवर आलो, हे कॅसेटमध्ये साठवून ठेवता येतं. त्यासाठी हिरव्या पट्टीवर एक गोल चपटा सेल असतो, वजनकाट्यात असतो तसलाच. सेल संपला की साठवलेलं सगळं पुसलं जातं, आणि वाटसरू परत पहिल्या दिवसासारखा दुबळा होऊन घराच्या दारात उभा. बाईंचं तसं एकदा झालं होतं, तेव्हा त्या पहिल्यांदा माझ्याकडे आल्या. त्यानंतर सेल संपायच्या आधीच त्या कॅसेट घेऊन यायला लागल्या, आपण स्कूटर सर्व्हिसिंगला टाकतो तशा.

ते काम नाजूक. कॅसेटचे स्क्रू वेगळ्या डोक्याचे, त्यांचा पाना आपल्याकडे मिळायचा नाही. बॉलपेनच्या नळीचं टोक तापवून मऊ करायचं, स्क्रूवर दाबून धरायचं, गार झालं की झाला पाना. मग उघडी पट्टी मशीनमध्ये खोचून मशीन चालू ठेवायचं. चिपेला वीज मशीनकडून मिळते, तेवढ्यात जुना सेल काढून नवा जोडायचा. मध्येच लाइट गेली तर सगळं गेलं. म्हणून हे काम मी गुरुवारी कधी हातात घेतलं नाही. पुण्यात गुरुवारी लाइट कधी जाईल ते गणपतीलाही ठाऊक नसतं. शेवटी स्क्रू आवळून त्यावर नेलपेंटचा लाल टिपका. आमच्या गल्लीत सगळेच लावतात. टिपका तडकलेला दिसला की मध्ये दुसऱ्या कोणी उघडलंय हे कळतं. पण माझ्या लेखी त्याचा अर्थ एवढाच नव्हता. आतलं काम माझं आहे आणि मी त्याला जबाबदार आहे, असा तो टिपका. मी लग्नात लावली होती ती गडद लाल छटा, दुसरी कधी वापरली नाही.

दोनेक वर्षांपूर्वी बाईंना झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. वाचा गेली म्हणजे आवाज होता, शब्द सापडायचे नाहीत. चमच्याला खिडकी म्हणायच्या आणि आपण चुकलो हे त्यांना कळायचं, मग रडायच्या. मी भेटायला गेले तेव्हा न विचारता मशीन लावून दिलं, कारण मला दुसरं काही करता येत नाही. त्यांनी डाव्या अंगठ्याने वाटसरूला चालवत एका गावातल्या झऱ्यापाशी नेलं. तिथली बाई काहीतरी बोलली. वैद्यबाईंनी ते मोठ्याने वाचलं, अडखळत, पण वाचलं. त्यात 'मिझू' असा शब्द होता. त्या थांबल्या, माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, 'पाणी.' कितीतरी दिवसांत पहिला बरोबर शब्द. पुढे तसंच होत गेलं. आधी पडद्यावरचा जपानी शब्द यायचा, मग त्याच्या मागोमाग मराठी. बोलणं शिकवायला येणाऱ्या मुलीनेही सांगितलं, हे बंद करू नका.

यात एक गोष्ट लक्षात घ्या. त्यांचा वाटसरू इतका बळकट झालेला होता की रानात त्याच्या वाटेला कोणी जात नसे. म्हणून तर एका अंगठ्यावर त्या सगळीकडे हिंडू शकत होत्या. साठवलेलं पुसलं गेलं असतं, तर दुबळ्या वाटसरूला त्या हाताने पहिल्या रानातूनसुद्धा त्यांना बाहेर काढता आलं नसतं. त्यांचे शब्द त्या गावांत होते आणि गावांची वाट त्या सेलावर होती.

आता खराडीचे अनिकेत. संग्राहक. मोठ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, बोलायला गोड. माझ्याकडे अधूनमधून यायचे. एका गुरुवारी ते पिशवी घेऊन आले. आत एक मशीन, जळका अडॅप्टर आणि खोक्यासकट एक कॅसेट. ग्रुपवर टाकायला मशीनचा व्हिडिओ काढायचा म्हणून यांनीही ते थेट बोर्डात लावलं होतं. बाकी तीन कामं सांगितली. मशीन पांढरं करायचं. कॅसेटच्या स्क्रूवर कुणीतरी गावठी लाल रंग लावलाय तो काढायचा. आणि आतला सेल काढून टाकायचा, कारण तो पुढेमागे गळतो आणि पट्टी खराब होते. मग कॅसेट कायमची सीलबंद.

मी कॅसेट उलटी केली. माझा टिपका.

मी ती टेबलावर ठेवली. मग विचारलं, कुठून आणली. म्हणाले, कर्वेनगरची एक फॅमिली सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली म्हणून घर खाली करत होती, ऑनलाइन जाहिरात होती, मशीन आणि कॅसेट रीतसर घेतली. मी सांगितलं, सेल काढला तर आत साठवलेलं सगळं जाईल. कोणाचं आहे आणि त्यावर काय अवलंबून आहे, तेही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. वाईट वाटल्यासारखा चेहराही केला.

'आय अंडरस्टँड, मॅडम,' ते म्हणाले, 'पण ही कधी चालूच होणार नाहीये. मग आत काय आहे, त्याने मला काय फरक पडतो?'

हे वाक्य माझ्या कानात अजून आहे. ज्या वस्तूच्या आतल्या गोष्टीसाठी मी डोळे अधू करून घेतले, तिच्या मालकाला आत काय आहे याने फरक पडत नव्हता. मी त्यांना बाकावर बसवलं आणि बाईंच्या मुलाला, निरंजनला, फोन लावला.

निरंजन वाईट माणूस नाही. मला त्याचाच जास्त राग आला, कारण वाईट माणसाला निदान आपण काय करतोय ते माहीत असतं. तो म्हणाला, घर हलवायच्या गडबडीत आईला साताऱ्याला मावशीकडे पाठवलं होतं, जुनं सामान काढून टाकलं, आणि अहो, ती कॅसेट माझीच होती, आईने लहानपणी माझ्यासाठी आणलेली. मी विचारलं, तुम्ही कधी खेळलात? म्हणाला, मला कुठे जपानी येतं. मग बाई कशा आहेत विचारलं.

'आल्यापासून बोलणं परत बंद झालंय हो ताई. आणि डावा अंगठा सारखा चादरीवर दाबत बसते. फिटबिट येते की काय म्हणून डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले काही नाही.'

मी फोन ठेवला. त्या क्षणी बोलले असते तर शिव्याच गेल्या असत्या.

अनिकेत कॅसेट परत द्यायला तयार नव्हते. दिलेली रक्कम परत करायला निरंजन तयार होता, त्यालाही ते तयार नव्हते. खोकं, कागद, लेबल इतकं स्वच्छ पुन्हा मिळणार नाही, म्हणाले. खोकं, कागद, लेबल. आणि मग मला दिसलं की या माणसाला हवं ते आणि बाईंना हवं ते एकमेकांना चिकटलेलंच नाही. मध्ये नुसते स्क्रू आहेत.

माझ्या टेबलाखाली भंगाराचा डबा होता. त्यात एक बेसबॉलची जपानी कॅसेट होती. जपानात ही घरटी एक असायची, त्यामुळे तिला कुत्रं विचारत नाही. मी ती काढून त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, 'तुमच्या डबीत ही पट्टी घालते. हिच्यावर सेलच नाही, गळायचा प्रश्न नाही. मापाला बसते. डबी, लेबल, खोकं तुमचं. आतलं बाईंचं. आत काय आहे याने फरक पडत नाही असं तुम्हीच म्हणालात.'

ते विचारात पडले. मला वाटलं, आता भांडतील. म्हणतील, अहो काहीतरीच काय, मग ती तीच कॅसेट कशी राहील? तसं म्हणाले असते तर मला त्यांच्याबद्दल थोडा तरी आदर वाटला असता, आणि त्या गेमबद्दल त्यांना काहीतरी वाटतं असं समजून मी वेगळं बोलले असते. त्यांनी विचारलं,

'वजनात फरक पडेल का?'

'सेलाएवढा.'

'मग चालेल,' ते म्हणाले.

त्यांच्यासमोर बदललं. मशीन मी पांढरं करणार नाही म्हणून सांगितलं, ते तसंच पिवळं घेऊन गेले. कुठेही लाल रंग नको, असं त्यांनी पुन्हा बजावलं. बजावायची गरज नव्हती. माझ्या कामाच्या आयुष्यात पहिल्यांदाच मी स्क्रू टिपक्याशिवाय आवळले, कारण त्या डबीतल्या कामाला माझी सही मी दिली नसती. आज खराडीत कुठेतरी अॅक्रिलिकच्या पेटीत, दिव्याखाली, कुणालाही नको असलेला बेसबॉल दिमाखात उभा आहे. पुढे ते तो कुणाला विकतील, तो माणूसही उघडणार नाही, तो आणखी कुणाला विकेल. कुणी म्हणेल, ही फसवणूक आहे. असेल. ज्याला शंका येईल त्याने एकदा मशीनला लावून बघावी, तेवढंच माझं म्हणणं आहे. अनिकेत दिवाळी अंक वाचत असतील असं मला वाटत नाही.

शुक्रवारी बाईंच्या पट्टीचा सेल बदलला. बेसबॉलच्या रिकाम्या, पिवळ्या पडलेल्या डबीत ती बसवली आणि दोन्ही स्क्रूंवर चांगले ठसठशीत टिपके दिले. कपाटातलं माझं स्वतःचं मशीन घेतलं आणि त्यांच्या भाड्याच्या फ्लॅटवर गेले. विजेचा लोखंडी ठोकळा मात्र तिथे होता. तो कशाचा आहे हे निरंजनला माहीत नसल्यामुळे विकायचा राहिला होता.

बाई पलंगावर टेकून बसल्या होत्या. मला बघून त्यांनी तोंड फिरवलं. बरोबर होतं त्यांचं. कॅसेट आमच्या दुकानातून गेली नव्हती, पण तिचं काय झालं हे विचारायला मीही आले नव्हते. मी काही समजावत बसले नाही. वायरी जोडल्या, कंट्रोलर त्यांच्या मांडीवर ठेवला आणि बटण दाबलं. वाटसरू झऱ्यापाशी उभा होता, जिथे त्यांनी सोडला होता तिथेच. त्यांचा अंगठा आपणहून हलला. तो चालत एका म्हाताऱ्यापाशी गेला, म्हाताऱ्याचं बोलणं उमटलं, आणि बाईंनी ते वाचायला घेतलं. एक ओळ, मग थांबून पुन्हा तीच ओळ. मग त्यांनी निरंजनकडे पाहिलं.

'उशीर,' त्या म्हणाल्या. 'उशीर केलास.'

पडद्यावरचा म्हातारा तसं म्हणत होता की त्या स्वतः म्हणत होत्या, ते मी विचारलं नाही. निरंजन मात्र खाली मान घालून पलंगाच्या कडेला बसला. त्याच्यासाठी माझं मन द्रवायला हवं होतं. नाही द्रवलं. मी पिशवी उचलली. दारापर्यंत सोडायला आला तेव्हा त्याने हळूच विचारलं, ताई, हे आता किती वर्षं टिकेल?

'तुम्ही परत विकेपर्यंत,' मी म्हटलं, आणि जिना उतरले.